अनुरेखकाची सावली

जुलैच्या पहिल्या रविवारी काकांनी चित्र आणलं ते वर्तमानपत्रात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून. कोल्हापुरात आठवडाभर पाऊस हटला नव्हता. मंगळवार पेठेतल्या आमच्या चित्रकलेच्या क्लासच्या माडीवर, जिन्याच्या वरच्या पायरीपासून ओल्या छत्र्यांची रांग लागलेली. काकांनी पाय पुसले, पिशवीची गाठ सोडली आणि कागद टेबलावर पसरला. काकूंचं व्यक्तिचित्र. कुठल्याशा लग्नातल्या फोटोवरून, पेन्सिलीत केलेलं.

रेषा अशी की हेवा वाटावा. नाकपुडीची कड, ओठांच्या कोपऱ्यातली दुमड, कानातल्या कुडीचा एकेक मोती, सगळं जागच्या जागी. आणि तरी चेहरा सपाट. गालांवर आणि गळ्यावर शिसं बोटाने चोळून पसरलेलं. चुलीमागच्या भिंतीवर काजळी धरते तसं. डोळ्यांतला पांढरा भाग कोऱ्या कागदाचा पांढरा, बुबुळं काळीकुट्ट, ओठही काळे. चार पावलं मागे जाऊन पाहिलं तर धुरातून दोन डोळे रोखून बघतायत, एवढंच दिसायचं.

“सारखं आहे, पण ती नाही,” काकाच म्हणाले.

“काकू काय म्हणाल्या?”

“भिंतीला लावू नका म्हणाली.”

पुढचे पाच महिने मी या एका माणसाबरोबर जे केलं, त्यातलं काय चुकलं आणि काय लागू पडलं, ते इथे मांडतो. नाव देत नाही. क्लासमध्ये सगळे त्यांना काका म्हणतात, तेच पुरे. माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे असूनही ते मला ‘सर’ म्हणतात. नको म्हणून सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. सरकारी नोकरीतली सवय.

ती नोकरी हाच या प्रकरणाचा गाभा आहे. काका पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. ज्यांनी हे पद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: आरेखक नकाशा तयार करतो, अनुरेखक त्यावर ट्रेसिंग कागद ताणून शाईने तो जसाच्या तसा उतरवतो. चौतीस वर्षं त्यांनी कालव्यांचे, बंधाऱ्यांचे, धरणाच्या छेदांचे नकाशे गिरवले. पुढे खात्यात संगणक आले, पण हाताला लागलेलं वळण गेलं नाही. चुकलेली शाई ते अर्ध्या ब्लेडने अशी खरवडायचे की कागदाला ओरखडा दिसू नये. असा हात आणि अशी शिस्त घेऊन हा माणूस माझ्याकडे शेडिंग शिकायला आला होता.

पहिल्या दिवशी मी फक्त एक चाचणी घेतली. जुन्या पोस्टकार्डाला ऑफिसच्या पंचने दोन भोकं पाडली. फोटोवर कार्ड असं धरायचं, की एका भोकातून काकूंच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसेल आणि दुसऱ्यातून कपाळाचा उजेडातला भाग. बाकी चेहरा झाकलेला. मग सांगायचं, गडद कुठलं?

काका बराच वेळ बघत राहिले. चष्मा वर केला, खाली केला.

“अरेच्चा. डोळा राखाडी आहे की ओ.”

आहेच राखाडी. डोळा खोबणीत बसलेला, वर पापणीची सावली. कपाळाला मिळतो तेवढा उजेड त्याला मिळत नाही. पण डोळा पांढरा असतो हे आपल्याला बालवाडीपासून माहीत असतं, म्हणून हात तिथे पेन्सिल लावायला तयार होत नाही. काकांच्या चित्रात त्या चेहऱ्यावरची सगळ्यात उजळ जागा म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग. चेहऱ्यात दोन बल्ब लावल्यासारखे.

मग मी फोटोवर सात जागा ठरवल्या: कपाळ, गालाचं हाड, डोळ्याचा पांढरा भाग, नाकाची सावलीकडची बाजू, वरचा ओठ, खालचा ओठ, हनुवटीखालचा गळा. या उजळपासून गडदपर्यंत क्रमाने लावा म्हटलं, नुसत्या डोळ्यांनी, कार्ड न वापरता. सातांपैकी तीन जागा बरोबर आल्या. हा आकडा काकांनी स्वतःच्या नोंदवहीत लिहून घेतला. नोंदवही ते पहिल्या दिवसापासून ठेवत होते: तारीख, वेळ, पेन्सिलीचा नंबर, कागद, शेरा.

उपाय म्हणून मी सांगितलं, की जुन्या उस्तादांच्या अभ्यासचित्रांच्या प्रती करा. फोटो बाजूला ठेवा, काकूंनाही इतक्यात समोर बसवू नका.

यावर काका गप्प झाले. मग म्हणाले, “सर, चौतीस वर्षं दुसऱ्याच्या नकाशावर कागद ठेवून गिरवलं. रिटायर झाल्यावर परत तेच करायचं?”

प्रश्न रास्त होता. मी माझी बाजू मांडली. समोर माणूस बसला की शिकणाऱ्यापुढे दोन प्रश्न एकदम येतात: दिसणाऱ्या शेकडो छटांतल्या कुठल्या घ्यायच्या, आणि घेतलेल्या कागदावर कशा उतरवायच्या. त्यात माणूस हलतो आणि पावसाळी उजेड दर दहा मिनिटांनी बदलतो. फोटोत कोणी काही निवडलेलंच नसतं, कॅमेऱ्याने सगळं उचललेलं असतं. उस्तादाच्या कागदावर पहिला प्रश्न सुटलेला असतो. त्याने शेकडो छटांतल्या पाच-सहा ठेवल्या, बाकीच्या सोडून दिल्या. त्याने काय सोडलं हे त्याच्या मागोमाग गेल्याशिवाय कळत नाही.

काकांना हे फारसं पटलं नसावं. अजिंठ्याची गोष्ट मात्र त्यांनी कान देऊन ऐकली. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७चं. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती करायचं ते काम १८८५पर्यंत चाललं. त्या मुलांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजले. प्रती लंडनला गेल्या आणि १८८५च्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या.

“म्हणजे सगळी मेहनत पाण्यात?”

“आगीत. पण पेस्तनजींचा हात शाबूत राहिला.”

काका हसले, आणि तयार झाले. इथवर सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं, आणि इथेच मी चूक केली.

मला वाटलं, रेषेच्या माणसाला आधी रेषेचाच गुरू द्यावा, म्हणजे धीर येईल. म्हणून हॉलबाइन या जुन्या जर्मन चित्रकाराचं एक अभ्यासचित्र दिलं. बाझलचे महापौर राहिलेल्या याकोब मायर यांची मुलगी आना, केस मोकळे. रंगीत खडूंत केलेलं, छाया अगदी नावाला, सगळी मदार कडेवर. काकांनी पुढच्या रविवारी प्रत आणली ती निर्दोष. मला शंका आली.

“ट्रेस केलंत?”

“नाही ओ. डिव्हायडरने मापं घेतली, बाकी नजरेने. पण अंगातच ट्रेसिंग आहे, त्याला काय करणार?”

शिकले काय? काहीच नाही. त्यांना जे आधीच येत होतं तेच मी त्यांच्याकडून पुन्हा करून घेतलं होतं. यातली गंमत अशी, की हीच आना मायर १८८१मध्ये व्हॅन गॉगनेही उतरवली होती. त्याच्यासमोर मूळ चित्र नव्हतं. चार्ल्स बार्गने जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या साहाय्याने तयार केलेला चित्रकलेचा अभ्यासक्रम पॅरिसच्या गुपील कंपनीने १८६६ ते १८७१ या काळात छापला होता; त्यातल्या छापील पानावरून त्याने ती केली. व्हॅन गॉग तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, उशिरा चित्रकलेकडे वळलेला, आणि शिस्तीची रेषा हीच त्याची अडचण होती. त्याला ते औषध बरोबर होतं. मी तेच औषध दुसऱ्याच दुखण्याच्या माणसाला दिलं. काकांना असं चित्र हवं होतं, ज्यात कडेला धरून निभावता येणार नाही.

म्हणून लिओनार्दो. इटलीतल्या तुरीनच्या राजग्रंथालयात, बिब्लिओतेका रेआलेमध्ये, एका तरुण स्त्रीच्या मस्तकाचं अभ्यासचित्र आहे. साधारण १४८३ ते ८५मधलं. खडकांतली माता मेरी या मिलानमध्ये रंगवलेल्या चित्रातल्या देवदूतासाठी केलेलं मानतात. रंगाचा हात दिलेल्या कागदावर चांदीच्या टोकाने काढलेलं, उजेडाच्या जागी थोडा पांढरा रंग. ती खांद्यावरून वळून आपल्याकडे बघते आहे, पापण्या जराशा जड. चेहरा पूर्ण केलेला. केस आणि खांदा मात्र चार-सहा रेघांत सोडून दिलेले. माप १८.१ × १५.९ सेंटिमीटर. म्हणजे शाळकरी वहीच्या पानाएवढंही नाही.

या मापावरूनच पहिलं भांडण झालं. काकांनी चित्र मोबाइलवर उघडलं आणि दोन बोटांनी ताणत ताणत एक डोळा पडदाभर केला. तो उतरवला. मग नाक पडदाभर. तुकडे जोडून चेहरा, तोही ए-थ्री कागदावर. प्रत्येक तुकडा वेगळ्या वेळी, मोबाइलचा उजेड आपोआप कमीजास्त होत असताना केलेला. नाक दुपारचं आणि डोळा रात्रीचा. छटा म्हणजे शेजाऱ्याशी असलेलं नातं; शेजारी पडद्याबाहेर गेला की नातं तुटतं.

मी सांगितलं, मोबाइल बंद. एकच प्रतिमा निवडायची, मूळ मापाची मॅट कागदावर प्रिंट काढायची, बोर्डाला क्लिपने लावायची आणि शेवटपर्यंत तीच समोर ठेवायची. प्रिंट काढायला गेल्यावर दुकानातल्या पोराने मदतीच्या भावनेने घोटाळा केला. “फोटो डल होता काका, जरा उठाव दिला.” उठाव दिल्यावर गळ्याखाली डांबर ओतल्यासारखं दिसत होतं. परत जाऊन साधी प्रिंट काढावी लागली. इंटरनेटवर याच चित्राचा कागद कुठे पिवळसर, कुठे करडा, कुठे गुलाबी दिसतो. खरा कुठला हे तुरीनला गेल्याशिवाय कळायचं नाही. काकांना याचं वाईट वाटलं. मी त्यांना रुबेन्स या फ्लेमिश चित्रकाराचं सांगितलं. लिओनार्दोचं आंगियारीची लढाई हे भित्तिचित्र त्याने कागदावर जागवलं, पण मूळ चित्र त्याला कधी बघायला मिळालंच नाही. त्याचा जन्म १५७७चा, आणि ती भिंत त्याआधीच व्हसारीच्या चित्रांखाली गेली होती. त्याने दुसऱ्यांच्या प्रतींवरून काम भागवलं. आपण तर कोल्हापुरातले, आपल्याला डिजिटल प्रिंट चालेल.

पहिली प्रत त्यांनी २बीपासून ६बीपर्यंतच्या पेन्सिलींनी केली. नोंदवहीत नऊ तास. हनुवटीखालची सावली मुळापेक्षा कितीतरी काळी. मी त्यांना नऊ घरांची छटापट्टी करायला लावली: पहिलं घर कोरं, नववं जमेल तेवढं काळं. ती प्रिंटवर सरकवत सरकवत गेलो. त्या चेहऱ्यातली सगळ्यात गडद जागाही पाचव्या घराच्या पुढे जाईना. सगळ्यात उजळ जागा दुसऱ्या घरात. म्हणजे लिओनार्दोने नऊ खोल्यांच्या वाड्यातल्या चार खोल्यांत संसार केला होता, आणि काकांनी वाड्याचे सगळे दरवाजे उघडून टाकले होते.

यात लिओनार्दोच्या संयमाइतकाच त्याच्या साधनाचा वाटा आहे. चांदीचं टोक कितीही दाबा, रेघ एका मर्यादेपलीकडे गडद होत नाही. फार दाबलं तर कागदावरचा लेप खरवडून निघतो. गडद करायचं तर रेघांशेजारी रेघा घालायच्या. जाडी नाही, दाब नाही, फक्त दाटी. म्हणून दुसऱ्या प्रतीला मी नियम केला: फक्त एच पेन्सिल, म्हणजे कडक शिशाची, फिकट उमटणारी, टोक सतत धारदार, दाबायचं नाही, चोळायचं नाही, बोट कागदाला लावायचं नाही.

चोळणं बंद केल्यावर काकांकडे उरल्या रेघोट्या. आणि रेघोट्यांत ते तयार होते! नकाशात धरणाचा छेद दाखवताना पंचेचाळीस अंशात सारख्या अंतराने रेघा मारतात, तशा त्यांनी गालावर मारल्या. अंतर इतकं नेमकं की पट्टी ठेवून मोजावं. चेहऱ्याचं झालं दगडी बांधकाम. क्लासमधली इंटरमीजिएटला बसणारी एक मुलगी हसू दाबत म्हणाली, “काका, ह्यात पाणी किती टीएमसी मावतं?” काकाही हसले, पण कागद उलटा करून ठेवला.

त्यानंतर दोन रविवार ते आले नाहीत. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या रविवारी आले ते प्रिंट हातात घेऊनच, जिना चढताना लागलेली धाप जायच्या आत बोलायला लागले.

“सर, ह्या माणसाच्या रेघा उलट्या आहेत.”

मी विचारलं, म्हणजे?

“माझी रेघ वर उजवीकडनं खाली डावीकडे येते. सगळ्यांची तशीच येते. ह्याची वर डावीकडनं खाली उजवीकडे जाते. सगळीकडे. डावखुरा होता का हो?”

मी त्यांना हे सांगितलेलं नव्हतं. लिओनार्दो डावखुरा होता आणि त्याची चित्रं ओळखताना जाणकार या रेघांच्या कलावर भिस्त ठेवतात, हे मी पुस्तकांत वाचलेलं. हे काकांनी दोन आठवडे भिंगाखाली प्रिंट बघून स्वतः शोधलं होतं. मला जरा लाज वाटली. ट्रेसिंगची सवय मोडायला निघालो होतो मी, आणि तीच सवय इथे कामाला आली.

आता अडचण अशी, की उजव्या हाताने तो कल सहज येत नाही. मनगट आडवं जातं, रेघ थरथरते. उपाय साधा आहे, चित्रकार तो नेहमी करतात: बोर्ड चतुर्थांश फिरवा. कागद आडवा झाला की उजव्या हाताची नेहमीची रेघ आपोआप लिओनार्दोच्या कलात बसते. अर्थात शेजारची प्रिंटही तशीच फिरवायची, नाहीतर मान मोडायची.

आणि यातून असं काही झालं, ज्याचा मी विचारच केला नव्हता. चेहरा आडवा झाल्यावर काकांना त्यात डोळा दिसेना, नाक दिसेना. दिसू लागला तो नुसता मऊ काळोखाचा एक पट्टा, त्याच्या शेजारी त्याहून फिका पट्टा, मधे कागद. ज्या माणसाला डोळा दिसला की डोळा काढायची ओढ अनावर व्हायची, त्याच्यासमोर डोळाच राहिला नव्हता. ते सावलीचा नकाशा उतरवायला लागले. दोन सावल्यांमधल्या हद्दी आणि त्यांची दाटी. बंधाऱ्याखालच्या बुडित क्षेत्राचा नकाशा असावा तसा. “हे आपलंच काम आहे की,” असं ते स्वतःशीच पुटपुटल्याचं मी ऐकलं. उलटं चित्र ठेवून काढायची युक्ती जुनी आहे, मीही शिकवतो. पण त्यांच्याबाबतीत ती मला सुचली नव्हती. आम्ही बोर्ड फिरवला तो केवळ रेघेच्या कलासाठी.

रेघांची दाटीही बदलली. धरणाच्या छेदातल्या रेघा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वजनाच्या असतात. लिओनार्दोच्या रेघा उजेडाकडे जाताना विरळ होतात आणि टोकाला विरून जातात. टोक विरवायचं म्हणजे हात उचलत उचलत रेघ सोडायची. काकांना हे जमायला सप्टेंबर उजाडला. रद्दी कागदाची पानंच्या पानं त्यांनी नुसत्या विरणाऱ्या रेघांनी भरली. शाईच्या पेनने रेघ जिथे संपते तिथे ठाम थांबवायची, हे चौतीस वर्षांचं प्रशिक्षण. त्याच्या अगदी विरुद्ध काम.

दुसरी प्रत बारा संध्याकाळींत झाली. बोर्ड सरळ करून भिंतीला टेकवला तेव्हा आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही. डोळे एका पातळीत नव्हते. तोंड किंचित कुत्सित झालेलं. सारखेपणात ही प्रत हॉलबाइनच्या पासंगालाही पुरली नसती. पण गाल वळत होता. कपाळावरून गालाकडे, गालावरून जबड्याकडे नजर घसरत जात होती, मधे कुठे कड लागत नव्हती.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. तिसरी प्रत हा निव्वळ माझा आणि काकांचा हट्ट होता, शिकण्यासाठी तिची गरज नव्हती. काकांनी विचारलं, चांदीने खरंच काढतात का? मी चेन्निनो चेन्निनीचं सांगितलं. साधारण १४००च्या सुमाराचा हा इटालियन चित्रकार. त्याने नवशिक्यांना सांगून ठेवलंय, की लाकडाच्या छोट्या फळीवर जाळलेल्या हाडाची पूड थुंकीत कालवून लावा आणि चांदीच्या टोकाने सराव करा. “थुंकीत?” काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आम्ही थुंकी वगळली. काका गुजरीत गेले आणि ओळखीच्या सोनाराकडून दोन मिलिमीटर जाडीची, बोटाएवढी चांदीची तार घेऊन आले. वजन दोन ग्रॅमच्या आसपास. “कशाला पाहिजे?” “चित्र काढायला.” सोनाराने चष्म्यावरून बघितलं म्हणे. ती तार त्यांच्या ऑफिसच्या दिवसांतल्या क्लच पेन्सिलीत, दोन मिलिमीटरच्या शिशाच्या जागी, बरोब्बर बसली. टोक काचपेपरवर घासून गोलसर केलं. अणकुचीदार ठेवलं तर कागद फाटतो. कागदाला चायनीज व्हाइट या पांढऱ्या रंगात जरासा पिवळट यलो ऑकर आणि तपकिरी बर्न्ट अंबरचा थेंब घालून पातळ तीन हात दिले. पहिला कागद वाया गेला, लेप जाड होऊन तडकला. दुसरा पावसाळी हवेत दोन दिवस पंख्याखाली ठेवूनही दमटच राहिला. तिसऱ्यावर रेघ उमटली: फिकट, करडी, पेन्सिलीपेक्षा थंड. चांदी हवेत काळवंडते तशी ही रेघही काही महिन्यांत तपकिरीकडे झुकते; काकांची अजून झुकायची आहे.

चांदीची रेघ खोडरबराने जात नाही. तासाभरातच काकांनी खिशातून अर्धं ब्लेड काढलं. मी हात धरला. “काका, नाही.” ब्लेडने लेप खरवडून रेघ घालवता आली असती, त्यांच्या हाताने तर नक्कीच. पण चुकलेली रेघ शेजारच्या रेघांच्या दाटीत जिरवायची असते हे त्यांना त्याशिवाय कळलं नसतं. त्यांनी ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलं, नाराजीनेच. नोंदवहीत त्या दिवशीचा शेरा आहे: ‘खोडण्यास मनाई.’

ऑक्टोबरच्या शेवटी मी जुलैतलीच चाचणी पुन्हा घेतली. तोच लग्नातला फोटो, त्याच सात जागा. या वेळी सहा बरोबर. चुकली ती जागा वरच्या आणि खालच्या ओठाची. वरचा ओठ आत वळतो म्हणून गडद, खालचा उजेड झेलतो म्हणून फिका; काकांनी दोन्ही सारखे धरले. मग स्वतःच कार्डाच्या भोकातून बघून दुरुस्त केलं. तो फोटो तीन महिने त्यांनी बघितलाच नव्हता, तेव्हा पाठांतराचा प्रश्न नव्हता.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. काकू खिडकीशी बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. पाऊस कधीच संपलेला, एका बाजूने स्वच्छ उजेड. काकांनी खाकी कागद घेतला, चारकोल पेन्सिल आणि एक पांढरी. खाकी कागद मीच सुचवला होता: मधली छटा कागदच देतो, आपण फक्त त्याच्याखाली आणि त्याच्यावर जायचं. पांढऱ्या कागदावर सुरुवात केली की सगळा चेहरा काळा करत जावा लागतो आणि जुनी खोड लगेच उसळते.

काकू हलत होत्या, बोलत होत्या, एकदा दूध बघायला उठूनही गेल्या. काकांनी आधी कड काढली नाही. डोळे किलकिले करून बघितलं आणि सावलीचा एक सलग पट्टा टाकला, कपाळाच्या बाजूपासून डोळ्याची खोबण, गाल, जबडा, गळ्यापर्यंत. त्यात डोळा नंतर आला. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला त्यांनी हातच लावला नाही, खाकी कागद तसाच सोडला, आणि तो पांढरा दिसला. पांढरी पेन्सिल दोनच ठिकाणी लागली: गालाच्या हाडावर आणि कुडीच्या एका मोत्यावर.

केसांपाशी मात्र सगळं बिघडलं. अंबाडा आला आणि काकांनी एकेक केस मोजून काढायला सुरुवात केली, कडक, बारीक, ट्रेसिंगच्या हाताने. तुरीनच्या कागदावर केस नुसते सुचवलेले आहेत हे त्यांनी तीनदा उतरवलं होतं, तरीही. मी काही बोललो नाही. चाळीस मिनिटांत त्यांनी पेन्सिल ठेवली.

काकूंनी हात पदराला पुसले आणि कागद उजेडाकडे धरला.

“हां, ही मी आहे. पण दमलेली दिसते.”

“दमलेलीच आहेस की.”

“मग चहा तुम्ही टाका.”

काका चहा टाकायला गेले. नोंदवही टेबलावर उघडी होती, त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं: ‘३० नोव्हें. ४० मि. खाकी, चारकोल, पांढरी. गाल ठीक. केस जमले नाहीत.’